कळांचं इंजेक्शन दिलं, पण लक्ष कोणी ठेवलं?

प्रश्न : माझ्या बहिणीची प्रसूती तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलात झाली. कळा मंदावल्या म्हणून रात्री सिस्टरांनी कुणालाही न विचारता सलाईनमधून कळांचं औषध लावलं. डॉक्टर पहाटे आले. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, त्याला अजून झटके येतात. सव्वा वर्ष झालं. पोलिसांत जावं की ग्राहक मंचात? हॉस्पिटल बिल परत द्यायला तयार आहे, पण एका कागदावर सही मागतंय.

उत्तर : ताई, ‘न विचारता इंजेक्शन दिलं’ एवढ्यावर केस उभी करू नका. ऑक्सिटोसिन, म्हणजे ते कळांचं औषध, देणं ही चूक नाही, रोज कित्येक बाळंतपणांत ते देतात. संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटल्यातला २००८ चा निकाल तुमच्या कामाचा आहे, पण तो जोडीला. कारण दाखल होताना सही केलेला छापील फॉर्म ते पुढे करतीलच.

खरा मुद्दा देखरेखीचा. औषध जास्त झालं तर कळा एकामागोमाग येतात, मधे गर्भाशय सैल पडत नाही आणि बाळाचा प्राणवायू कमी होतो. म्हणून औषध चालू असताना बाईला एकटं सोडू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका सांगते. त्या रात्री थेंब किती होते, कधी वाढवले, बाळाचे ठोके कोणी आणि किती वाजता मोजले? हे कागदावर नसेल, तर उत्तर त्यांना द्यावं लागेल.

तेव्हा आधी कागद. बहिणीच्या सहीनं अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत नकला द्याव्या लागतात. केसपेपर, सिस्टरांच्या नोंदी, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकते याचा तक्ता), संमतीपत्र आणि ठोक्यांच्या आलेखाची पट्टी, सगळं नाव घेऊन मागा. ती पट्टी बहुधा थर्मल कागदाची असते, बसच्या तिकिटासारखी पुसट होत जाते. हाती आली की लगेच फोटो काढा. रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं बंधन आहे, पण तितकं थांबू नका.

हे कागद बाहेरच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि नवजात शिशुतज्ज्ञाला दाखवून लेखी मत घ्या. झटक्यांचं कारण जंतुसंसर्ग किंवा जन्मजात दोष होता, असा बचाव हमखास येतो. त्याला वकील पुरत नाही, डॉक्टरच लागतो.

पोलिसांचा रस्ता मी आत्ता धरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि पोलिसांनाही आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच. बहीण राहते त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम नऊ महिने आहेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. तक्रार आई आणि बाळ दोघांच्या वतीनं करा.

आणि तो सहीचा कागद. त्यात ‘आमची काही तक्रार उरली नाही’ अशी ओळ असणारच. बाळाच्या पुढच्या उपचारांचा खर्च त्या बिलात कुठे आहे? वकिलाला दाखवल्याशिवाय बहिणीला सही करू देऊ नका.