सेस्नाच्या सीटबेल्टमधली एअरबॅग चालू आहे हे कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की सेस्ना १७२ या छोट्या विमानावर उडायला शिकताना सीटच्या पट्ट्यातली जाड घडी एअरबॅग आहे असं कळलं, पण ती चालू आहे की नुसती शोभेची हे कसं ओळखायचं, आणि लँडिंग आपटलं तर ती तोंडावर फुटेल का.

दुसऱ्या प्रश्नाची भीती आधी काढून टाका. आपटलेल्या लँडिंगला किंवा हवेतल्या गचक्यांना ती फुटू नये असंच तिचं सेन्सर बसवलेलं असतं. विमान समोरून जोरात आदळून वेग एकदम तुटला, तरच ते जागं होतं. फुगतानाही बॅग तुमच्या अंगावर येत नाही, तुमच्यापासून लांब, पुढच्या बाजूला उघडते.

पहिला प्रश्न मात्र खरा आहे. गाडीत बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, इथे पॅनेलवर असा दिवा नाही. बॅग फोडून बघायची सोयही नाही, ती एकदाच फुटते. डिझाइनच्या चाचणीत बाहुला बसवून सीट रुळावर २६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या २६ पट) इतक्या झटक्याने थांबवतात आणि डोक्याला किती मार बसतो ते मोजतात. हँगरमध्ये (विमानाच्या शेडमध्ये) आम्ही इंजिनिअर फक्त बॅगपर्यंत जाणारी वाट तपासतो: सेन्सर, बॅटरी, तारा, बकल, बॅग फुगवणारी गॅसची बाटली. त्यासाठी एक छोटं तपासणी-यंत्र कनेक्टरला लावायचं असतं. दिवा हिरवा आला तर ठीक. मल्टीमीटर मात्र या तारांना कधीच लावायचा नाही, त्याच्या थोड्याशा करंटनेही बॅग फुटू शकते.

एकदा माझ्याकडे आलेल्या विमानात हिरवा दिवा लागेचना. सीट काढून पाहिली तर कनेक्टर सुटा, प्लास्टिकच्या पट्टीने नीट बांधून ठेवलेला. आधी कुणीतरी कार्पेट बदलताना सुरक्षिततेसाठी तो काढला होता (काढायचाच असतो), पण परत जोडायचा राहिला आणि लॉगबुकात ओळही नव्हती. तेवढे दिवस कितीतरी विद्यार्थी बंद एअरबॅग घालून उडाले. त्या दिवसापासून मी सीटला हात लागलेलं प्रत्येक विमान हिरवा दिवा पाहिल्याशिवाय सोडत नाही.

बॅटरी असलेलं मॉड्यूल आणि गॅसची बाटली या दोन्हींना ठरलेलं आयुष्य असतं. तारीख लेबलवर असते आणि ती उलटली की वस्तू बदलायचीच, यंत्राने हिरवा दिला तरी.

अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०११ सालच्या अहवालात एअरबॅग असलेल्या विमानांच्या ८८ अपघातांतून १० तपशिलात अभ्यासले आणि एअरबॅगमुळे दुखापत कमी होते असा निष्कर्ष काढला. पण पट्टा नीट बांधलेला असला तरच. बकल लागल्याशिवाय सर्किट पूर्ण होत नाही, आणि पट्ट्याला पीळ पडला तर बॅग भलत्याच दिशेला उघडेल.

म्हणून विमानात बसल्यावर घडी सपाट आहे ना, लेबल बाहेरच्या बाजूला आहे ना, शिवण कुठे उसवलेली नाही ना, हे बोटांनी चाचपा आणि बकल खटकन बसेपर्यंत दाबा. शेवटची तपासणी कधी झाली, बाटलीची तारीख काय, हे तुमच्या इंजिनिअरला बिनधास्त विचारा. मला कुणी विद्यार्थ्याने विचारलं की मी लॉगबुक उघडूनच दाखवतो.