चिंगीला कुठं ठेवू?

प्रश्न : ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली, कोल्हापुरातच पेठेत राहते. नवरा आधी दारू पिऊन मारायचा, आता न पिताही मारतो. माहेरी जायला दोनदा बॅग भरली पण आमची चिंगी आहे, साधी गावठी कुत्री, रंकाळ्यावर पावसात सापडलेली, मीच वाढवलीय. मागच्या महिन्यात मी जाते म्हटल्यावर त्यानं माझ्यासमोर तिला लाथ घातली आणि म्हणाला, तू जाच, मग हिचं काय करतो बघ. भावाकडं कुत्रं चालत नाही, वहिनीला दमा आहे. आई म्हणते कुत्र्यासाठी कुणी मार खात बसतं का. काही दिवस तिला कुठं ठेवता येईल का? – एक वाचक

उत्तर : अगं, पहिलं हे सांगते, तुझ्या पत्रातल्या ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, कुत्रीचं नावसुद्धा. आणि आईचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस. तू कुत्र्यासाठी मार खात नाहीयेस, त्यानं तुला अडकवायला मुक्या जनावराला धरून ठेवलंय.

आपल्याकडं अडचण अशी की १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केलास तर सखी वन स्टॉप सेंटरला पाठवतात, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पोलीस, डॉक्टर, वकिलाची मदत मिळते, पण कुत्र्याची सोय त्या योजनेत नाही. इंग्लंडमध्ये डॉग्ज ट्रस्ट ही संस्था २००४ पासून नेमकं हेच काम करतेय, बाई आश्रयाला जाते आणि कुत्रं दुसऱ्या कुटुंबात, आणि कुत्रं कुणाकडं आहे ते बाईलाही सांगत नाहीत म्हणजे कुणी दमदाटी करून काढून घ्यायला नको. ही गुप्ततेची गोष्ट आपणही घरच्या घरी करू शकतो.

म्हणून असं कर, चिंगी तुझ्याआधी घराबाहेर पडायला पाहिजे पण फार आधी नको, दोन-तीन दिवस पुरेत, नाहीतर त्याला वास लागतो. गोचीड झालेत, ताप आहे, डॉक्टरांनी ठेवून घेतलंय, एवढं कारण चालतं. मात्र नेहमीच्या डॉक्टरकडं ठेवू नकोस, तो पहिला तिथंच जाणार. शेजारीण, सासरकडचे, त्याच्या मित्राच्या ओळखीतलं कुणीही नको. तुझी शाळेतली मैत्रीण, तिची मावशी, इचलकरंजीत नाहीतर सांगलीत कुणी असं लांबचं घर बघ, ज्याचं नावही त्यानं कधी ऐकलेलं नाही. पैसे देऊन बोर्डिंगमध्ये ठेवणार असशील तर बहुतेक ठिकाणी लसीचं कार्ड मागतात, रेबीजची लस राहिली असेल तर आत्ताच टोचून घे, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. आणि कार्डावर मालक म्हणून तुझं नाव घाल. कायद्यात कुत्रं मालमत्ताच धरतात, त्यामुळं कार्ड, पावत्या, तुझ्यासोबतचे जुने फोटो हे सगळं कामाला येतं. फोटो बहिणीला पाठव आणि तुझ्या फोनमधून ते चॅट काढून टाक.

जिच्याकडं ठेवशील तिच्याशी साध्या कागदावर लिहून घे, अमुक तारखेपासून सांभाळायला दिली, कायमची दिलेली नाही, औषधपाण्याचा खर्च कोण करणार. आणि तिला बजावून सांग, स्टेटसला चिंगीचा एकही फोटो टाकायचा नाही.

आमच्याकडं राजारामपुरीत एका ओळखीच्या बाईंची कुत्री सात आठवडे होती. पहिले दोन दिवस पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही, गेटकडं बघत पडून. तिसऱ्या दिवशी बाईंची जुनी, न धुतलेली ओढणी खाली अंथरली तेव्हा कुठं दूध-भाकरी खाल्ली. पुरुषाच्या चपलांचा आवाज आला की दिवाणाखाली शिरायची, माझ्या मुलानं महिनाभर घरात चपला हातात घेऊन वावर केला. तर पिशवीत पट्टा, कार्ड, आठवडाभराचं खाणं, आणि तुझा एखादा वापरलेला कपडा नक्की ठेव.

लाथ मारली तेव्हा डॉक्टरकडं नेलं असशील तर तारखेसह केसपेपर मागून घे. जनावराला मारून टाकणं, लुळंपांगळं करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तुला स्वतःला मार लागला असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, दाखव आणि मार कुणी दिला ते लिहून घ्यायला लाव. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करताना वकिलाला सांग, चिंगीचा उल्लेख अर्जात घाला, त्यानं तिला हात लावू नये, विकू नये, माझ्या ताब्यात द्यावी असं मागा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

फोन करायचा तो दुसऱ्याच्या मोबाईलवरून. पण एखाद्या रात्री प्रकरण हाताबाहेर गेलं आणि चिंगीला नेता आलं नाही, तर तू निघ, ११२ लाव, आणि पोलीस आले की त्यांच्यासोबत परत जाऊन तिला आणता येतं का ते विचार. तिच्यासाठी एकटी आत जाऊ नकोस.

तिचं वय लिहिलं नाहीस. लाथ पोटात बसली असेल आणि अजून नीट खात नसेल तर लस टोचायच्या दिवशीच पोट तपासून घे.