पोस्टरवर अख्खा पेपर चिकटवू नका

दिवाळी झाली की कॉलेजाकॉलेजात कॉन्फरन्सची ब्रोशर फिरायला लागतात आणि आमच्या सदराकडं येणारे प्रश्नपण बदलतात. या महिन्यातली बहुतेक पत्रं पोस्टर (आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर मांडून लावणं), टॉक (स्लाइड दाखवत बोलणं) आणि फुल पेपर (पूर्ण शोधनिबंध) याबद्दलचीच आहेत, म्हणून ती एकत्रच घेतेय.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गूळ करताना उसाचा रस साफ करायला हायड्रॉस या गंधकयुक्त रसायनाऐवजी भेंडीचा चिकट रस वापरला तर काय फरक पडतो, असा माझा प्रोजेक्ट आहे. सर म्हणतात पोस्टरवर इंट्रोडक्शनपासून रेफरन्सपर्यंत सगळं आलं पाहिजे. सगळं घातलं तर अक्षर मुंगीएवढं होतंय. काय काढू? — विद्यार्थिनी, कागल

सरांचं म्हणणं प्रोजेक्ट रिपोर्टला शंभर टक्के लागू आहे, पोस्टरला नाही. पोस्टरसमोर माणूस दोन-तीन मिनिटं थांबतो, हातात चहाचा कप असतो आणि त्याच रांगेत अजून तीस-चाळीस पोस्टर लावलेली असतात. म्हणून कॉम्प्युटर उघडायच्या आधी वहीत एकच वाक्य लिही, मला काय सापडलं? समजा तुझं उत्तर असं आलं की भेंडीनं साफ केलेल्या गुळात सल्फर डायऑक्साइड सापडला नाही पण रंग हायड्रॉसच्या गुळापेक्षा गडद राहिला, तर हेच वाक्य वर मोठ्या अक्षरात जाऊ दे. 'गुळाच्या शुद्धीकरणातील वनस्पतिजन्य घटकांचा अभ्यास' असलं टायटल वाचून कुणालाच काही कळत नाही. २०१९ मध्ये माईक मॉरिसन नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्यानं अशीच कल्पना मांडली होती, पोस्टरच्या मधोमध साध्या भाषेत एक मोठं वाक्य आणि बाकीचं कडेला, आणि ती बरीच गाजली. पण ती जशीच्या तशी उचलू नको, कारण आपल्याकडं पोस्टरला बक्षीस असतं आणि परीक्षक मेथड बघितल्याशिवाय पुढं सरकत नाहीत.

आता काढायचं काय. उसाचा इतिहास काढ, कोल्हापूरचा गूळ प्रसिद्ध आहे हा परिच्छेद काढ, जीआय टॅगबद्दल (ठरावीक भागातल्या मालाला मिळणारी सरकारी ओळख) लिहायचंच असेल तर एक ओळ पुरे. अॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे सारांश काढ, तो सोव्हिनिअरमध्ये, म्हणजे परिषदेच्या पुस्तिकेत, छापलेला असतोच. रेफरन्स तीन-चार ठेव. मेथडचं मात्र नुसतं नाव लिहून भागत नाही. रस किती लिटर, भेंडीचा रस किती, तो काहिलीत कधी घातला, मळी किती वेळा काढली, हे आकडे दे आणि मळी वर येतानाचा एक चांगला फोटो लाव, गुऱ्हाळ कधी न बघितलेल्या माणसाला त्यातनं लगेच कळतं.

अजून एक गोष्ट आहे आणि तिथंच सगळ्यात जास्त जण अडकतात. तुझ्या ग्राफखाली एन बरोबर तीन, म्हणजे नमुने तीन, असं लिहिलं असेल, तर ते तीन म्हणजे नक्की काय? एकाच गुऱ्हाळावरचा एकाच दिवसाचा गूळ घेऊन त्याचे तीन तुकडे तपासले, का तीन वेगळ्या दिवशी वेगळ्या उसाच्या रसापासून तीन वेळा गूळ केला? पहिल्यात फक्त तुझं मोजमाप किती नेमकं आहे ते कळतं, भेंडीनं फरक पडतो का ते दुसऱ्यातच कळतं. परीक्षक हेच विचारणार आणि विचारायलाच पाहिजे. जे केलंय ते स्पष्ट लिही, पहिलं केलं असेल तर पहिलं लिही, त्यात कमीपणा काही नाही. एरर बार (खांबावरची वर-खाली जाणारी रेघ) काढलास तर तो स्टँडर्ड डेव्हिएशनचा (मोजमापं किती पसरली) का स्टँडर्ड एररचा (सरासरी किती नेमकी) तेही खाली लिही. एक्सेलमधले थ्रीडी खांब नको, त्यात उंची नीट वाचता येत नाही. आणि दोन गोष्टींची तुलना लाल-हिरव्या रंगात करू नको, काही लोकांना ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत, निळा आणि नारिंगी घे.

साइजचं आधी ब्रोशरमध्ये बघ. ए-झिरो म्हटलं असेल तर ८४.१ बाय ११८.९ सेंटीमीटर, आणि ते उभं का आडवं हेपण बघ, कारण बोर्ड उभा आणि पोस्टर आडवं असं झालं की कडा बाहेर लोंबतात. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड साइज पहिल्यांदाच तेवढी करून घे, शेवटी ताणून मोठं केलं की फोटो फाटतात. झालं की ए-फोरवर एक प्रिंट काढ. ए-झिरोचं ए-फोर म्हणजे प्रत्येक बाजू चौथाई, २४ पॉइंटचं अक्षर तिथं ६ पॉइंटचं होतं, ते हातात धरून सहज वाचता आलं तर पोस्टर लांबून वाचता येईल. फ्लेक्सवाल्याकडं जाताना पीडीएफच ने, पॉवरपॉइंटची ओपन फाइल नेली की त्याच्या मशीनवर मायक्रोचं चिन्ह आणि मराठी जोडाक्षरं हमखास बिघडतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायची वेळ आलीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते म्हणून मॅट आहे का विचार, कापडावर छापून मिळालं तर अजून चांगलं, घडी घालून सॅकमध्ये टाकता येतं, रेल्वेत नळकांडं सांभाळत बसायला नको.

प्रश्न : मी कॉलेजात बॉटनी शिकवतो. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या पावसाळी वनस्पतींवर दहा मिनिटांचा टॉक आहे, स्लाइड ३४ झाल्यात. कमी कशा करू? प्रत्येक स्लाइड महत्त्वाची वाटते. — प्राध्यापक, गडहिंग्लज

सर, दहा मिनिटांत दहा-बारा स्लाइड, त्याच्या वर गेलात की तुम्ही बोलत नाही, नुसतं पुढं ढकलत जाता. प्रजातींची यादी पहिल्यांदा उडवा. साठ शास्त्रीय नावं बारीक अक्षरात लावली तर ती कोण वाचणार, यादी पेपरमध्ये जाईल. त्याऐवजी पठाराचा एक नकाशा लावा, कातळ उघडा कुठं, पाणी साठतं कुठं, माती थोडी खोल कुठं, आणि कुठल्या जागी कुठली झाडं येतात ते त्याच नकाशावर दाखवा. तुमचं सगळं काम त्या एका स्लाइडमध्ये आहे, तिथं दोन-अडीच मिनिटं थांबा. 'आउटलाइन' आणि 'थँक यू'ची स्लाइड नको, शेवटची स्लाइड निष्कर्षाची ठेवा आणि प्रश्नोत्तरं चालू असताना तीच पडद्यावर राहू दे. काढलेल्या स्लाइड फेकू नका, निष्कर्षानंतर मागं ठेवा, कुणी विचारलं तर काढून दाखवता येतात. उभं राहून, मोठ्यानं, मोबाइलवर टायमर लावून म्हणून बघा, मनात म्हटलेला टॉक नेहमी लवकर संपतो.

प्रश्न : मी पीएचडी करतेय. शिक्षण मराठी माध्यमातनं झालं. टॉक पाठ करून नीट होतो पण प्रश्न इंग्रजीत आला की डोकं बंद पडतं, येत असलेलं उत्तरपण सुचत नाही. यामुळं मी दोन कॉन्फरन्स टाळल्या. — संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

टाळू नकोस, अगदी मनापासून सांगते. इतक्या हुशार मुली एवढ्या एका कारणानं मागं राहतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. व्याकरण चुकलं म्हणून मार्क कापणारा परीक्षक स्वतःच चुकतो असं माझं ठाम मत आहे.

करायचं असं, की आपल्या कामातल्या कच्च्या जागा तुलाच सगळ्यात जास्त माहीत आहेत, सॅम्पल कमी का घेतले, हीच मेथड का, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) कुठं आहे, आधीच्या लोकांपेक्षा तुझं उत्तर वेगळं का आलं. बहुतेक प्रश्न तिथंच येतात. असे दहा-बारा प्रश्न इंग्रजीत लिहून काढ, प्रत्येकाचं उत्तर दोन छोट्या वाक्यांत तयार कर आणि लॅबमधल्या मैत्रिणींना ते उलटसुलट क्रमानं विचारायला सांग. तिथं गेल्यावर हातात कागद-पेन ठेव, प्रश्न चालू असताना दोन शब्द टिपून घे, मग प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हण, "तुम्ही हे विचारताय ना?" एवढ्यात सुचायला वेळ मिळतो आणि प्रश्न चुकीचा ऐकला असेल तर तेही तिथंच कळतं. कळलाच नाही तर परत विचारायला सांग, मोठमोठे शास्त्रज्ञपण तेच करतात. आणि जे मोजलं नाही ते 'या अभ्यासात आम्ही ते मोजलेलं नाही' असं सरळ सांग, ते पूर्ण उत्तर आहे.

राज्य पातळीवरच्या परिषदेत सत्राच्या चेअरपर्सनना (अध्यक्षांना) आधी भेटून विचार, अडल्यास मराठीत बोलू का, बरेच जण आनंदानं हो म्हणतात. विज्ञान मराठीतनं नीट बोलता येतं, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून तेच काम करतेय.

प्रश्न : परदेशातल्या कॉन्फरन्सचं ईमेलवर आमंत्रण आलं, दोन दिवसांत अॅब्स्ट्रॅक्ट स्वीकारला, आता फी मागतायत. भरू का? — वाचक, जयसिंगपूर

लगेच भरू नका. इंजिनिअरिंग, मेडिकल, शेती, मॅनेजमेंट सगळं एकाच कॉन्फरन्समध्ये असेल आणि कुठलाही शेरा न देता काम पास झालं असेल तर संशय घ्यायलाच पाहिजे. समितीत ज्यांची नावं आहेत त्यातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून थेट ईमेल करा. आपलं नाव तिथं छापलंय हे त्यांनाच माहीत नसतं असं बऱ्याचदा निघतं.

प्रश्न : फुल पेपरची सिमिलॅरिटी (आधीच्या लिखाणाशी शब्दांचं साम्य) १८ टक्के आली. शब्द बदलून कमी करू का? — सहायक प्राध्यापक, इचलकरंजी

शब्द बदलायच्या आधी रिपोर्ट उघडून साम्य कुठं आहे ते बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, १० ते ४० मध्ये पेपर मागं घ्यायला सांगतात, पण रेफरन्सची यादी आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात धरत नाहीत, ती वगळून आकडा परत काढा. साम्य मेथडमध्ये असेल तर मूळ पद्धतीचा संदर्भ द्या आणि तुम्ही त्यात काय वेगळं केलं तेवढंच लिहा. समानार्थी शब्द घालत बसलात तर तांत्रिक शब्दांचे अर्थच बदलतात. आणि निष्कर्षाची वाक्यं दुसऱ्याची असतील तर टक्के कितीही कमी आले तरी ती चोरीच, ती काढाच.

फुल पेपर द्यायच्या आधी अजून एक विचारून घ्या, तो प्रोसीडिंगमध्ये (परिषदेतल्या पेपरांच्या पुस्तकात) आयएसबीएनसह (पुस्तकाच्या ओळख क्रमांकासह) छापणार आहेत का. छापला की बरीच जर्नल तो आधीच प्रसिद्ध झालाय असं धरतात, मग तेच काम तिथं परत देता येत नाही. जर्नलला द्यायचं मनात असेल तर परिषदेला फक्त अॅब्स्ट्रॅक्ट द्या.