मिशनवर असताना मुलं-नातवंडं भेटायला येणार असतील तर (नेपाळ, तानसेन)

जय ख्रिस्त ताई.

इतरांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. निवृत्तीनंतर तुम्ही दोघं तानसेनच्या मिशन हॉस्पिटलात सेवेला गेला आहात. ह्यूस्टनचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं (चौघांचे पासपोर्ट अमेरिकी, मुलाकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) आणि पुण्याची मुलगी दसऱ्याच्या सुमारास दोन आठवड्यांसाठी यायचं म्हणताहेत. मुलगा डॉक्टर आहे, त्याला चार दिवस ओपीडीत मदत करायची आहे. सगळ्यांना क्वार्टरमध्येच ठेवावं असं तुमच्या मनात आहे.

येऊ दे सगळ्यांना. पण दसऱ्याला नको, ओपीडीत नको आणि सगळे क्वार्टरमध्ये तर नकोच.

तारखेपासून सुरुवात करू. दशैं म्हणजे तिथला दसरा, वर्षाचा सण. अख्खा नेपाळ गावाकडे निघतो, बसची तिकिटं मिळत नाहीत, विमानं भरलेली असतात. हॉस्पिटलातले स्थानिक लोक रजेवर जातात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत ड्यूटी तुमच्यासारख्यांच्या गळ्यात. मुलं आली आणि आई-बाबा वॉर्डात, असं होतं. तिहार (आपली दिवाळी) उरकल्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हवा स्वच्छ, रस्ते कोरडे. नाहीतर फेब्रुवारी-मार्च. पावसाळ्यात अजिबात बोलवू नका, तानसेनला चढताना बुटवलच्या पुढे सिद्धबाबाच्या टप्प्यात वरून दगड येतात आणि रस्ता तासन्‌तास बंद पडतो. तारीख ठरली की तिकीट काढण्याआधी तुमच्या प्रमुखांना लेखी कळवा: कोण, कुठून, किती दिवस, कुठे राहणार आणि तुमची रजा कोणत्या दिवशी. तोंडी ‘हो’वर तिकिटं काढली की ड्यूटी लावणाऱ्याची आणि तुमची दोघांचीही पंचाईत होते.

आता ओपीडी. मुलगा टुरिस्ट व्हिसावर येणार, आणि त्या व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. वर नेपाळ मेडिकल काउन्सिलची नोंदणी असल्याशिवाय परदेशी डॉक्टरने पेशंटला हात लावणं बेकायदा. काही वावगं झालं तर तो विमानात बसून निघून जाईल, उत्तर हॉस्पिटलला द्यावं लागेल. खरंच सेवा करायची असेल तर काही महिने आधी हॉस्पिटलमार्फत तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करून वेगळा यावा. या फेरीत सिनियर डॉक्टरांबरोबर चहा घ्यावा, आवार बघावं, एवढंच. पेशंटचे फोटो नाहीत, लांबूनसुद्धा.

याहून नाजूक गोष्ट दुसरी आहे. नेपाळच्या 2015 च्या संविधानातल्या कलम 26 ने दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे. 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. युनायटेड मिशन (तुमचं हॉस्पिटल चालवणारी संस्था) 1954 पासून तिथे आहे ते सरकारशी करार करून, आणि धर्मप्रसार करायचा नाही ही अट सुरुवातीपासूनच घातलेली होती. अमेरिकेतल्या मंडळीतून येणाऱ्या मुलांना हे आधी फोनवर नीट सांगा. बॅगेत पत्रिकांचे गठ्ठे नकोत. बाजारात कुणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नको. उपासनेचे, बाप्तिस्म्याचे फोटो नाव-गाव टाकून फेसबुकवर नकोत. पोस्ट ह्यूस्टनमधून पडते, चौकशी पाल्प्यातल्या (तानसेनच्या जिल्ह्यातल्या) पाळकाची होते. हौसेने येणारे पाहुणे इथेच घसरतात, आणि त्यांना वाटतं आपण चांगलंच काम केलं.

उपासनेला मात्र जरूर न्या. बहुतेक मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, रविवारी नाही. रविवारी गेलात तर कुलूप. चपला दाराबाहेर, बरेच ठिकाणी खाली सतरंजीवर बसायचं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पाहुण्यांना पुढे बोलावून दोन शब्द बोलायला सांगतात. ‘जय मसीह’ म्हणावं, घरच्या मंडळीचा सलाम सांगावा आणि बसावं. भजनाचं पुस्तक देवनागरीत असल्याने तुमची मुलगी पहिल्याच दिवशी सोबत गाऊ लागेल. नातवंडांचं कठीण आहे.

प्रवासात गोंधळ होतो तो एकाच घरात दोन तऱ्हेचे पासपोर्ट असल्यामुळे. ओसीआयचा नेपाळमध्ये काही उपयोग नाही. चौघांना व्हिसा लागेल, तो काठमांडूच्या विमानतळावर मिळतो: 15 दिवसांचा 30 डॉलर, 30 दिवसांचा 50 डॉलर. दहा वर्षांखालच्या मुलांना इतर देशांचे पासपोर्ट असतील तर फी माफ असते, अमेरिकी पासपोर्टला ती सवलत नाही. दोन आठवडे म्हणता म्हणता सोळावा दिवस उजाडतो, म्हणून 30 दिवसांचाच घ्या. फॉर्म येण्याआधी ऑनलाइन भरून पावतीची प्रिंट जवळ ठेवायची, पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, आणि डॉलर रोख ठेवायचे, कार्डाच्या यंत्रावर विसंबू नये. मुलीला व्हिसा नको, पण विमानाने येणार असेल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतंच. नुसतं आधार दाखवलं तर चेक-इनवरूनच परत पाठवतात.

मुलगी रेल्वेने आली तर गोरखपूरपर्यंत गाडी, तिथून सुनौली नाका साधारण शंभर किलोमीटर. भारतीयांना तिथे शिक्का लागत नाही, लोक चालत पलीकडे जातात. म्हणूनच अमेरिकी पासपोर्टवाल्यांना तिच्याबरोबर त्या वाटेने आणू नका. भारताच्या बाजूचं छोटं इमिग्रेशन ऑफिस गर्दीत दिसतच नाही, सगळे एका घोळक्यात पार होतात आणि परतीच्या वेळी कळतं की बाहेर पडल्याचा आणि आत आल्याचा शिक्काच नाही. सूनबाईंकडे भारताचा ई-व्हिसा असेल तर तो सुनौलीला चालेल असंही गृहीत धरू नका; त्यांनी भारतात विमानानेच यावं-जावं.

काठमांडूहून भैरहवाचं विमान पाऊण तासाच्या आतबाहेर. देशांतर्गत टर्मिनल वेगळं आहे आणि व्हिसाच्या रांगेचा भरवसा नाही, तेव्हा मध्ये किमान चार तास ठेवा, मुलं लहान असतील तर एक मुक्काम. अमेरिकेहून येताना माणशी 23 किलोच्या दोन बॅगा असतात, छोट्या विमानात 20 किलोच्या आसपासच चालतं, बाकीचे पैसे किलोवर. भैरहवा ते तानसेन अंदाजे 65 किलोमीटर, गाडीने अडीच-तीन तास. गाडी भाड्याची सांगा. हॉस्पिटलची गाडी मागितली आणि कुणी नाही म्हटलं नाही, तरी ते सगळ्यांच्या लक्षात राहतं.

राहण्याचं म्हणाल तर मुलगी तुमच्याकडे, चौघं आवारातल्या गेस्टहाऊसमध्ये किंवा बाजारातल्या हॉटेलात. कारण पाणी. तानसेन साडेतेराशे मीटरवर, पाणी खालून चढवून आणलेलं, नळाला रोज येईल याची खात्री नाही. सात माणसं, अंघोळीला माणशी एक बादली धरली तरी सव्वाशे लिटर गेलं, भांडी-संडास वेगळं. पिण्याचं माणशी तीन लिटर म्हणजे रोज वीसेक लिटर, आणि मातीच्या कँडलचा फिल्टर तेवढं दिवसभरात देत नाही. रात्री दोन मोठी पातेली उकळून झाकून ठेवा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, त्या उंचीवर जास्त उकळून फक्त गॅस जळतो. दुसरा भरलेला सिलिंडर पाहुणे यायच्या आधी आणून ठेवा.

जेवणाची काळजी नको. कणीक, डाळ, भाज्या सगळं मिळतं. ज्वारी-बाजरीचं पीठ, गोडा मसाला आणि कोकम मुलीला आणायला सांगा. तिथला चिउरा म्हणजे आपले पोहेच, फक्त जाड निघाला तर धुऊन जरा जास्त वेळ झाकून ठेवा. नातवंडांनी बर्गर मागितला तर म्हशीच्या मांसाचे मोमो दाखवा. गोहत्या तिथे गुन्हा आहे.

पैशाचं: एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी, दर बांधलेला आहे. मुलीने शंभराच्या नोटा आणाव्यात, पाचशेची कुणी घेईलच असं नाही. तिथल्या फोनपेच्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर बऱ्याच दुकानांत भारतीय यूपीआय चालतं. वॉर्डातल्या गरिबाला परस्पर पैसे देणं मात्र थांबवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते आणि शेजारच्या खाटेवरचा रुसतो. हॉस्पिटलच्या गरीब रुग्णांच्या निधीत भरून पावती घ्यावी.

फिरण्यासाठी श्रीनगर डांडा (गावावरची टेकडी) सकाळी, लुंबिनी भैरहवाला उतरताना किंवा परत जाताना. राणीमहालला (खाली नदीकाठच्या जुन्या महालाला) उतरायला मजा, चढून येताना नातवंडं रडतात. परतीला जीप ठरवा. ढाका टोपी तानसेनच्या बाजारातच घ्या.

डिसेंबरच्या मध्यानंतर तराईत (खालच्या सपाट भागात) धुकं बसतं आणि भैरहवाची सकाळची विमानं तासन्‌तास लटकतात. तोपर्यंत मुक्काम लांबलाच तर ह्यूस्टनच्या विमानाच्या आदल्या दिवशीच चौघांना काठमांडूला पोचवा.