सीटी झाला, मग आता एमआरआय कशाला?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. महिनाभर सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची, मग दिवसभर ठीक. पित्ताचं औषध झालं, जंताचं झालं. आता चालताना झोक जातो. सीटी स्कॅनमध्ये छोट्या मेंदूत गाठ दिसली, डोक्यात पाणी साठलंय म्हणाले. आता भूल देऊन मेंदूचा आणि पाठीचा एमआरआय सांगितलाय. गाठ दिसलीच आहे, मग पुन्हा कशाला? पाठीला तर काहीच झालेलं नाही.
– एक आई, विटा

उत्तर : ताई, सीटीचे पैसे वाया गेले नाहीत. गाठ आहे आणि पाणी तुंबलंय, हे त्याने काही मिनिटांत सांगितलं. पण छोटा मेंदू म्हणजे डोक्यात मागे, खालच्या बाजूला असलेला, तोल सांभाळणारा भाग. त्याच्या आजूबाजूला जाड हाडं असतात. सीटीत त्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात आणि नेमकी हवी ती जागा झाकोळते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याकडून संदेश मिळवायचे, त्यांची चित्रं करायची. एकाच जागेची अनेक तऱ्हांची चित्रं निघतात. त्यातल्या एकात पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते कळतं. मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या छोट्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठीत पेशी इतक्या दाटीवाटीने असतात की पाण्याला हलायला जागा नसते, मग तो भाग लख्ख दिसतो. पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली छोटी गाठ दिसली, तर मी मनातल्या मनात हुश्श करते. ती बहुधा पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, म्हणजे हळू वाढणारी सौम्य गाठ असते, आणि पूर्ण काढता आली तर बऱ्याचदा पुढे केमो-रेडिएशन लागत नाही. अर्थात हा माझा अंदाज. गाठीचं नाव पक्कं होतं ते तुकडा तपासल्यावरच.

पाठीचं म्हणाल, तर काही गाठींच्या पेशी मेंदूभोवतालच्या पाण्यातून खाली उतरून मज्जारज्जूवर बसतात. तेव्हा पाठ दुखत नसली तरी बघायचं. तेही ऑपरेशनआधीच, कारण नंतर रक्त खाली ओघळतं आणि ते रक्त की गाठ, यावर आम्ही डोकं खाजवत बसतो.

मेंदू आणि पाठ मिळून तासभर तरी लागतो, मशीन ठकठक करत राहतं. सहा वर्षांचं पोर तेवढा वेळ निश्चल कसं राहणार? हललं की चित्र पुसट. म्हणून भूल. डोक्यात दाब वाढलाय आणि उलट्या होतात, हे भूलतज्ज्ञांना तुम्ही स्वतः सांगा. खाणं-पिणं कधी बंद करायचं ते तेच सांगतील. ती वेळ तंतोतंत पाळा, घोटभर दूधही मोजलं जातं.

चुंबक चोवीस तास चालूच असतो, म्हणून अंगावर धातूचं काही नको. एकदा आमच्याकडे एका मुलाची बाळी, करदोटा, ताईत सगळं काढून झालं आणि आत नेताना बनियनला आतून लावलेली सेफ्टी पिन सापडली. आजीने दृष्ट लागू नये म्हणून लावली होती! आजीला आधीच विचारून ठेवा.

एक मात्र लक्षात ठेवा. उलट्या वाढल्या, मुलगा गुंगीत राहू लागला, हाक मारून उठेना, तर एमआरआयच्या तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी मेंदूचे सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. निघताना सीटीची सीडी बरोबर घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.