मुलगा काहीतरी लपवतोय, फोन चेक करू का?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की एका केसबद्दल लिहायचं ठरवलं. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा बारावीत, जेईईचा क्लास. दिवसभर दार बंद, फोन आला की गॅलरीत, चिडचिड, मार्क घसरलेले. बाबांचं ठाम मत, हा नशा करतोय, आज रात्रीच फोन काढून घेतो आणि जाब विचारतो. आई म्हणाली, "अहो, शक्यता आहे, पण..." मी दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठीवर टक्के लिहायला सांगितले तर बाबांचे 90 आणि आईचे 30, म्हणजे "शक्यता आहे" म्हणत दोघं कितीतरी दिवस वेगळंच बोलत होते. सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेतल्या शर्मन केंटनाही हेच दिसलं होतं. 1951 मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ल्याची "गंभीर शक्यता" आहे असा रिपोर्ट त्यांच्या टीमने दिला, आणि नंतर विचारलं तर त्याच टीममध्ये कुणाच्या डोक्यात 80 टक्के होते, कुणाच्या 20.

मग मी सीआयएच्याच रिचर्ड्स हॉयर यांची पद्धत वापरली. कागदावर वरती सगळ्या शक्यता लिहिल्या: नशा, ऑनलाइन बेटिंग, प्रेम, अभ्यास झेपत नाहीये, डिप्रेशन. डावीकडे घरात दिसलेल्या गोष्टी. आणि एकेका गोष्टीला विचारायचं की ही कुठल्या शक्यतेच्या विरोधात जाते?

बंद दार कशाच्याच विरोधात जाईना. चिडचिड, घसरलेले मार्क, तेच. बाबांनी ज्या पुराव्यांवर 90 टक्के उभे केले होते ते पाचही रकान्यांत चपखल बसत होते, म्हणजे त्यातून काहीच ठरत नव्हतं! हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा संशय डोक्यात बसला की प्रत्येक गोष्ट त्यालाच दुजोरा देतेय असं वाटतं, ती बाकीच्या शक्यतांनाही तितकीच लागू पडते हे लक्षातच येत नाही.

मग आईला आठवलं की त्याने जादा पैसे कधी मागितलेच नाहीत, उलट पॉकेटमनी उरतोय. नशा आणि बेटिंगच्या रकान्यात फुली पडली (फुली म्हणजे खात्री नाही, पण वजन कमी झालं). आणि पोटात दुखतं ते फक्त रविवारी सकाळी, क्लासच्या टेस्टच्या दिवशी. बाबा बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले.

डिप्रेशनचा रकाना मात्र मी खोडू दिला नाही, टक्के कमी असले तरी ते चुकलं तर किंमत फार मोठी असते, त्यामुळे ते थेट विचारून बघायचंच.

फोन चेक केला नाही. आईने रात्री जेवणानंतर एवढंच विचारलं की बाळा, रविवारच्या टेस्टचं टेन्शन येतं का रे? तो रडला. टेस्टला जातच नव्हता, मित्रांकडून पेपर मागवायचा, ते गॅलरीतले फोन त्याचेच. पुढच्या आठवड्यात तो स्वतः माझ्याकडे आला, मी झोप, भूक आणि जीव नकोसा वाटतो का हे सगळं स्पष्ट विचारलं. जीव नकोसा वाटत नव्हता, पण झोप पार उडाली होती, त्यावर आता काम सुरू आहे. क्लासची बॅच बदलायची की क्लासच सोडायचा हे अजून ठरायचंय, आणि त्यासाठी तो कागदावर रकाने स्वतःच पाडतोय.