जपानमध्ये किमोनो शिवायला शिकवताना सुरुवात कशापासून करतात?

टाक्यापासून. कात्री बरीच नंतर हातात येते. टाका आपला साधा धावदोराच, पण सुई जवळजवळ स्थिर धरून कापडच वरखाली हलवत तिच्यावर चढवायचं. कापडाचं टोक चिमट्यात अडकवून ताणलेलं असतं. हाताला बसेपर्यंत कंटाळा येतो, त्याला इलाज नाही.

कापणी सोपी: साधारण ३६ ते ३८ सेंमी पन्ह्याचा, १२ मीटरच्या आसपासचा तागा आणि त्याचे आठ सरळ तुकडे. गळ्यालासुद्धा गोलाई कापत नाहीत, जादा कापड शिवणीत दुमडतात. म्हणून तर पूर्वी किमोनो धुताना अख्खा उसवून, तुकडे पुन्हा जोडून एकसलग पट्टा करत, आणि वाळला की परत शिवत. या प्रकाराला ‘आराइहारी’ म्हणतात.

कापडासकट सगळं बघायचं असेल तर जपानच्या निइगाता प्रांतातला ओजियाकडचा भाग गाठा. तिथे रामी या झाडाच्या धाग्यांपासून विणलेलं कापड बर्फावर पसरून उजळवतात.